तवल्या डोंगराची साक्ष

डोंगराला बोलतं करणारं यंत्र आमच्या करवळपाड्यावर आलं त्या साली मी पिकअप चालवत होतो. शाळा सातवीपर्यंत, ती पण ढकलत ढकलत. म्हणून यातलं विज्ञान मला सरमळकर मॅडमनं जसं सांगितलं तसंच सांगतो. कुठं चुकलं तर शिव्या मला घाला, तिला नको. बाई चांगली होती. चांगल्याच माणसांनी आमचा डोंगर घालवला, त्यात मी पण आलो.

कायदा असा झाला होता, की डोंगर, नदी, रान यांना माणसासारखा हक्क. डोंगर फोडायचा तर आधी त्याची साक्ष घ्यायची. तो काय म्हणतो ते लिहून घ्यायचं, आणि तो म्हणंल तसं वागायचं. कायदा करणाऱ्यांचे हार-तुरे झाले. पण डोंगर बोलणार कुठल्या तोंडानं?

त्यासाठी मॅडम पुण्याहून आली. तिनं तवल्याच्या अंगात काचेची तार घातली. केसाएवढी बारीक, अकरा किलोमीटर लांब, झऱ्याकाठनं, कड्याखालनं, सागाच्या मुळांतनं फिरवलेली. एका टोकानं उजेड सोडायचा. तार जरा जरी हलली, तरी त्यातला थोडा उजेड मागं फिरतो. कुठं पाणी झिरपलं, कुठं मूळ सरकलं, कुठं दगड तडकला, सगळं त्या मागं फिरलेल्या उजेडात दिसतं.

"डॉक्टर छातीला नळी लावतो तसं," मी म्हणलो.

"तसंच. फक्त अकरा किलोमीटरची नळी," ती हसली. "पण सुकऱ्या, कुठं दुखतंय हे कळलं म्हणून काय बोलायचं ते कळतं का? लहान पोराला पोटात दुखतं. त्याला शब्द कोण देतं?"

"आई."

"मग या डोंगराची आई शोध."

शोधायला कशाला पाहिजे? ती माझ्या घरात होती. देवली आते, माझ्या बापाची थोरली बहीण. माझी आई गेली तेव्हापासनं तिनंच मला वाढवलेलं. आमच्या वारल्यांत लग्न बाई लावते, गाणी म्हणून. तिला धवलेरी म्हणतात. आते धवलेरी होती, आणि आमच्या पाड्यापुरतं आणखी एक काम तिच्याकडं होतं, धरतरीला विचारायचं. बांबू तोडायचा, कंद खणायचा, दगड उचलायचा, काही घ्यायचं तर आधी विचारायचं. शिकवण सगळी गाण्यात. शेकड्यानं गाणी, एकही कुठं लिहिलेलं नाही.

आतेचं ऐकून यंत्र बोलायला शिकणार होतं, म्हणून मॅडमनं पुण्याची दोन पोरं रेकॉर्डर घेऊन पाठवली. आतेनं त्यांना अंगणातच थांबवलं.

"यांच्या अंगाला सेंटचा वास मारतोय. कणसरी शिंकंल," ती म्हणली. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. "सुकऱ्या धरंल ते यंत्र. तो घामट आहे, देवाला वळखीचा."

असा रेकॉर्डर माझ्या हातात आला. तीन वर्षं मी आतेच्या मागं मागं फिरलो. चारशे बारा तास आवाज भरला.

विचारायची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच अडलंय. पाड्यावरच्या जिवल्याला घर बांधायचं होतं, बांबू पाहिजे होता. दहा-बारा माणसं बांबूच्या बेटापाशी बसलो. पळसाच्या पानाचा दोणा, त्यात पाणी, पाण्यात तांदळाचे दोन दाणे सोडायचे. आते गाणं म्हणते, कोणाला काय पाहिजे, कशाला पाहिजे, किती पोरं आहेत, सगळं गाण्यात. दाणे तळाला जाऊन शेजारी शेजारी बसले तर धरतरीनं दिलं. मग आते तिच्या वतीनं बोलते, "घे रं पोऱ्या, घे. मूळ ठेव, शेंडा घे." मग सगळे उठायचे आणि कोयते आणायला घरी पळायचे.

आणि दाणे लांब लांब गेले तर?

तर कोणी काही बोलत नाही. आते दोण्यातलं पाणी मुळाशी ओतते, उठते, घराकडं चालायला लागते. मागनं सगळे. घरी पोचेस्तोवर तोंडातनं शब्द नाही. धरतरीच्या वतीनं 'नाही' हा शब्द भुईवर काढायचा नाही. मी लहानपणी विचारलं होतं, का गं आते? म्हणली, "भुईला तो शब्द शिकवू नये. शिकली तर तू बी टाकशील तेव्हा पण तेच म्हणंल."

आता माझी अक्कल बघा. दाणे लांब गेले की मी रेकॉर्डर बंद करायचो. कोणी सांगितलं नव्हतं. पण ती वेळच अशी, त्या वेळी यंत्र चालू ठेवणं म्हणजे सासरा जेवत असताना त्याच्यासमोर लघवीला बसण्यासारखं. बटणाचा आवाज झाला की आते माझ्याकडं बघून मान हलवायची. शहाणा माझा, अशी. तीन वर्षांत शंभर वेळा तरी तिनं ती मान हलवली असंल. मला लई बरं वाटायचं.

एक गाणं मात्र तिनं आढेवेढे घेत दिलं. तापाचं गाणं. पाड्यावरचं जुनं भाकीत. म्हातारं माणूस गेलं की बाराव्याला म्हणतात. त्यात असं, की पुढं एक दिवस धरतरीला ताप येईल, नद्या जिभेसारख्या कोरड्या पडतील, आणि डोंगर उतरून तिच्या अंगावर लेप होईल. मॅडमला हे गाणं फार भावलं. परत परत ऐकायची.

"आजी, म्हणजे डोंगर औषध होईल?"

"औषध कसलं गं," आते म्हणली. "आपल्यात मेल्यावर माती घालतात, तुमच्यात काय करतात?"

मॅडमनं ते वहीत लिहिलं. गाणं रेकॉर्डरमध्ये होतं. आतेचं हे बोलणं मात्र त्यात नव्हतं. चहा पिताना बोलली होती.

चौथ्या वर्षी यंत्र बोललं. समाजमंदिरात एक पेटी ठेवली, खोकल्याच्या औषधाच्या खोक्याएवढी. मॅडमनं बटण दाबलं आणि पेटीतनं आवाज आला, "आलात का रं पोऱ्यांनो? बसा. पायथ्याला पाणी भरलंय, पाय जपून टाका."

आवाज देवली आतेचा. हुबेहूब. शेवटाला ती बारीक खाकरते ते पण.

बायका उठून उभ्या राहिल्या. आते मागं भिंतीला टेकून बसली होती. म्हणली, "माझं तोंड त्याला कशाला? त्याचं कुठं गेलं?"

"आजी, लोकांना ओळखीचा आवाज लागतो."

"मग तंबाखू पण लावा त्याला. त्याशिवाय माझं तोंड कुठं चालतं?"

सगळे हसले. ती पण हसली. पण दुसऱ्या दिवशी ती तिकडं फिरकली नाही.

त्याच पावसात पेटी म्हणली, वरची आळी सोडा, माझी कूस सुटतेय. सहा घरं खाली आणली. तिसऱ्या दिवशी दरड आली आणि सहाच्या सहा घरं चिखलात गेली. माणूस एक मेलं नाही. त्या दिवसापासनं पेटीला हळदकुंकू लागलं. मला पेटी सांभाळायची नोकरी लागली. लोक मला 'डोंगरवाला' म्हणायला लागले. आणि बांबूसाठी, कंदासाठी, दगडासाठी लोक पेटीलाच विचारायला लागले. दोणा नको, दाणे नको, आतेचे गुडघे दुखतात म्हणून थांबायला नको. आतेच्या दारात दोनच कोंबड्या येत होत्या, त्या पण तिच्याच.

एका उन्हाळ्यात जिवल्या आला. पेटीला म्हणला, "आई, पाच बांबू देतेस?"

"घे रं पोऱ्या, घे. मूळ ठेव, शेंडा घे."

दुसऱ्या दिवशी वीस मागितले. घे रं पोऱ्या. आठवड्यानं म्हणला, सगळं बेट देतेस? पेटी जरा थांबली. म्हणली, "मुळं सुकलीत रं माझी, दुखंल. पण घे."

जिवल्यानं बेट मुळासकट काढलं आणि ट्रकात भरलं. मी त्याला बोललो तर उलट मलाच, "रीतीनं विचारलंय, सुकऱ्यादादा. तुझ्यासमोर विचारलंय."

तो गेल्यावर मी एकटाच पेटीसमोर बसलो. दुपार होती, बाहेर पोरं गोट्या खेळत होती. मी विचारलं, "आई, तुझ्या झऱ्याच्या तोंडात सिमेंट ओतू का?"

"ओत रं पोऱ्या," आतेच्या आवाजात पेटी म्हणली. "दुखंल. हळू ओत."

चारशे बारा तासांत मी एकही नकार भरला नव्हता. त्या पेटीला नकार माहीतच नव्हता.

मी तेव्हाच मॅडमला फोन करायला पाहिजे होता. केला नाही. का म्हणाल, तर मी डोंगरवाला होतो. हातात पेटी होती म्हणून कलेक्टर मला खुर्ची देत होता. फोन केला तर कळणार, की सगळा घोळ सुकऱ्या दुमाडाच्या अंगठ्यानं झाला. उद्या करू, परवा करू म्हणत मी दोन महिने काढले.

मग नोटीस आली. एका कंपनीला तवल्या पाहिजे होता. सोन्यासाठी नाही, कोळशासाठी नाही. पृथ्वी वाचवायला पाहिजे होता. त्याचं असं आहे, हवेत जो कार्बन वायू वाढून सगळं तापलंय, तो पावसाच्या पाण्यात थोडा विरघळतो. ते पाणी आपल्या काळ्या पत्थराला लागलं की वायू दगडात अडकून बसतो, परत हवेत जात नाही. पण अख्खा डोंगर हे काम हजारो वर्षं सावकाश करतो. तोच डोंगर दळून पीठ केलं आणि शेताशेतावर टाकलं, तर तेच काम दहा-वीस वर्षांत होतं. खोटं नाही, मॅडम पण म्हणली शास्त्र खरं आहे. त्या साली आमच्याकडं पारा अठ्ठेचाळीसवर गेला होता, झाडावरची वटवाघळं मरून पडत होती. सगळ्यांनाच घाई होती.

सुनावणीला महिना होता. तेव्हा मी मॅडमला सगळं सांगितलं.

"यंत्र ऐकलेल्यातनंच शिकतं, सुकऱ्या," ती म्हणली. "ज्याचं एकही उदाहरण नाही, ते त्याच्यासाठी जगातच नाही. आणि माझ्या लक्षात कसं आलं नाही? मला वाटलं, किती उदार संस्कृती आहे."

"तुम्ही आतनं घाला की एक नकार. तुमचंच यंत्र आहे."

"ते साक्षीदाराला पढवणं झालं. साक्ष रद्द होईल, आणि ज्याची साक्ष नाही तो मुका डोंगर. मुक्याला विचारावं लागत नाही, परवानगी सरळ मिळते." तिनं तारीख बघितली. "पंधरा तारखेपर्यंत नवीन आवाज भरता येतो. आजींचा. पाच-सहा वेळा नकार द्यायचा, तोंडानं. बास."

मी आतेकडं गेलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी समोर बसलो, रेकॉर्डर मध्ये ठेवला, चालू केला.

"आते, पेटी सगळ्याला घे म्हणते."

"मग? मी पण तेच म्हणायची."

"तू दर वेळेला नव्हतीस म्हणत."

ती पाखडत राहिली. मी म्हणलो, "कंपनी विचारणार, ती घे म्हणणार. तवल्या जाईल. पाडा जाईल. एकदा तोंडानं बोल. मी तुला विचारतो, तवल्या दळू का? तू बोल."

"काय बोलू?"

"तुला माहीत आहे काय."

"तू बोल की मग. तुझ्या तोंडाला काय झालंय?"

"माझा आवाज चालत नाही, आते. तुझाच लागतो. सिमेंटच्या ओट्यावर बसून बोल, भुईला पाय लावू नको."

"ओटा कशावर बसलाय रं पोऱ्या?"

मी तिचे पाय धरले. खोटं कशाला सांगू, रडलो. म्हणलो, "एक शब्द, आते. त्यानं भुई बिघडायची ती बिघडू दे, पण राहील तरी. पीठ होण्यापेक्षा बरी."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, चांगला दाबून ठेवला. तांब्यातलं पाणी तुळशीच्या नाही, उंबराच्या मुळाशी ओतलं. उठली. घरात गेली.

या वेळी मी रेकॉर्डर बंद केला नाही. मॅडमनं तो आवाज पुण्यात बसून ऐकला. पाण्याचा आवाज, पायांचा आवाज, कोंबडी.

"यात शब्द नाही, सुकऱ्या," ती फोनवर म्हणली.

सुनावणी आश्रमशाळेच्या हॉलमध्ये झाली. पाड्यावरची सगळी माणसं खाली फरशीवर, सुनावणी घ्यायला आलेला साहेब टेबलामागं, मधे पेटी, पेटीच्या बाजूला मी. साहेब भला माणूस होता. पेटीला नमस्कार करून म्हणला, "तवल्या डोंगर, आपल्याला विचारण्यात येतं, की पृथ्वीचं तापमान कमी करण्यासाठी आपला पाषाण काढून दळण्यास आपली संमती आहे काय?"

"कोण विचारतंय रं?" पेटी म्हणली. "किती पोरं आहेत तुला पोऱ्या?"

लोक हसले. साहेबाला पण हसू आलं. "दोन मुली आहेत," म्हणला.

"त्यांना ताप येतोय?"

"सगळ्यांनाच येतोय."

पेटी तापाचं गाणं म्हणायला लागली. अख्खं. आतेच्या आवाजात, आतेच्या श्वासासकट. डोंगर उतरंल खाली, लेप होईल अंगाला. गाणं संपलं. पेटी म्हणली, "दुखंल. पण घे रं पोऱ्या, घे."

कंपनीच्या वकिलाचे डोळे भरून आले होते. खरंच. मी बघितलं.

साहेबानं चष्मा काढून पुसला. मग आतेला म्हणला, "आजी, ही शिकवण तुमची आहे. यंत्रानं जे सांगितलं ते तुम्हाला मान्य आहे का? काही आक्षेप असेल तर बोला, मी लिहून घेतो."

आते उभी राहिली. हातात पाण्याची बाटली होती, ती उघडली. भुई कुठं दिसेना, तेव्हा खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या चाफ्याच्या मुळाशी सगळी बाटली ओतली. मग दाराकडं चालायला लागली. तिच्यामागं सगळा पाडा उठला. म्हातारी, पोरं, बाळंतिणी. जिवल्या पण उठला, मान खाली घालून. कोणाच्या तोंडातनं शब्द नाही. शंभर सव्वाशे माणसांच्या पायांचा आवाज फक्त. आमच्या आठवणीत एवढा मोठा नकार कोणी दिला नव्हता.

साहेब घड्याळ बघत थांबला. पाच मिनिटं थांबला बिचारा. मग कारकुनाला म्हणला, "आक्षेप नाही, असं लिहा."

मग मी उठलो. "साहेब, ती नाही म्हणून गेली!"

दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्यांच्या मागं राहिलेली आते तोवर दारातच होती. माझा शब्द तिच्या पाठीवर पडलेला मला दिसला. ती थांबली, पण वळली नाही.

"तुम्ही कोण?" साहेबानं विचारलं.

"पेटी सांभाळणारा. तिचा भाचा. आमच्यात असंच असतं साहेब, नकार बोलत नाहीत. उठून जातात."

"कुठं नोंद आहे याची?"

"नाही. मी बंद करायचो."

"काय बंद करायचात?"

सांगितलं. टेबलामागची माणसं एकमेकाकडं बघायला लागली. साहेब खरंच भला होता, त्यानं मला हाकललं नाही. म्हणला, "थांबा, यांनाच विचारू," आणि पेटीकडं वळला. "तवल्या डोंगर, आपली माणसं आत्ता न बोलता उठून गेली. याचा अर्थ काय?"

मी पेटीकडं बघितलं. चारशे बारा तास. प्रत्येक होकाराच्या शेवटी माणसं उठल्याचा, पळत घरी गेल्याचा आवाज मीच भरला होता.

"माझी माणसं उठून गेली म्हणजे कामाला लागली," पेटी लाडानं म्हणली. "कोयते आणायला गेली रं पोऱ्या."

कारकुनानं तेही लिहून घेतलं. मी दाराकडं बघितलं तर आते तिथं नव्हती.

तवल्या सोळा महिन्यांत संपला. पीठ कुठं कुठं गेलं, कोणाच्या शेतात पडलं, मला माहीत नाही. ताप थोडा उतरला म्हणतात, पाऱ्याची एक बारीक रेघ. मॅडमनं ते काम सोडलं. पाड्याला खाली सपाटीवर पत्र्याची वसाहत मिळाली, नळ आहे, रस्ता आहे, विचारायला काही नाही.

पेटी मात्र चालू आहे. त्या आवाजावर लोकांचा फार विश्वास बसतो असं निघालं. नवीन डोंगरात नवीन तार घालतात, शिकवण आणि आवाज तोच ठेवतात. आत्तापर्यंत एकोणीस डोंगरांनी साक्ष दिली. प्रत्येक ठिकाणी पेटीबरोबर मी जातो. नोकरी आहे म्हणून म्हणा. दर वेळेला नकाराची रीत लिहून अर्ज देतो, दर वेळेला पोच मिळते.

वसाहतीत मी दर आठवड्याला जातो. आते दारात बसलेली असते. मी आलो की बघते. मग बाजूच्या तांब्यातलं पाणी पायरीखालच्या मातीत ओतते, उठते, आत जाते. दोन वर्षं झाली.

परवा घाटावरच्या एका गावात सुनावणी होती. लोक यायचे होते, साहेब जेवायला गेले होते. हॉलमध्ये मी आणि पेटी. खुर्ची पुढं ओढून बसलो.

"आते," मी म्हणलो, "मला माफ केलंस?"

"केलं रं पोऱ्या, केलं."

खाकरली पण, तिच्यासारखीच. मग मी विचारलं, "मला कधीच माफ करू नको. ऐकशील?"

"ऐकीन रं पोऱ्या," ती म्हणली. "ऐकीन."